घरपोच शिक्षणाची पूर्वतयारी

जुलै उजाडला की नागपुरातील महाविद्यालयांच्या सूचनाफलकांवर प्रवेशयाद्यांच्या शेजारी अलीकडे आणखी एक कागद लागू लागला आहे. ‘स्वयं’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षणव्यवस्थेतील अभ्यासक्रमांची ती यादी असते. जानेवारीत तिची नवी आवृत्ती येते. विद्यार्थी ती यादी मोबाइलमध्ये टिपून घेतात आणि घरी जाऊन दोन-तीन अभ्यासक्रमांना नाव नोंदवतात. नोंदणीला पाच-दहा मिनिटे पुरतात, शुल्क काही पडत नाही. पहिल्या आठवड्याची व्याख्याने उत्साहाने ऐकली जातात. दुसऱ्या आठवड्यात घरी पाहुणे येतात, तिसऱ्या आठवड्याचा स्वाध्याय राहून जातो, आणि चौथ्या आठवड्यात अभ्यासक्रमाकडून आलेली सूचना उघडून पाहण्याचाही संकोच वाटू लागतो. सत्र संपते तेव्हा हाती प्रमाणपत्र नसते. असते ती केवळ ‘हे आपल्याला जमणारे नाही’ अशी एक रुखरुख.

ही गत केवळ आळशी विद्यार्थ्यांची होते असे मानण्याचे कारण नाही. नवा विषय शिकवण्याची जबाबदारी अंगावर पडलेला शिक्षक, खात्याच्या परीक्षेपूर्वी लेखाशास्त्र पक्के करू पाहणारा लिपिक, वर्गात अव्वल राहणारी विद्यार्थिनी, यांच्याही वाट्याला ती येते. दोष एकट्याच्या इच्छाशक्तीचा असता तर इतक्या भिन्न प्रकृतीच्या माणसांचा अनुभव इतका सारखा झाला नसता. तेव्हा त्याची कारणे अन्यत्र शोधली पाहिजेत.

सोय मोठी, म्हणूनच धोका

प्रथम या व्यवस्थेचे मोल नीट ध्यानात घेतले पाहिजे. देशातील आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून ‘एनपीटीईएल’ हा उपक्रम २००३ साली सुरू केला. पुढे ९ जुलै २०१७ रोजी ‘स्वयं’चे औपचारिक उद्घाटन झाले आणि अभियांत्रिकीबरोबरच अर्थशास्त्र, वाणिज्य, भाषा, शिक्षणशास्त्र अशा विषयांचे अभ्यासक्रम एका ठिकाणी मिळू लागले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ च्या विनियमांनुसार एखाद्या सत्रातील २० टक्क्यांपर्यंत विषय या मार्गाने पूर्ण करण्याची मुभा दिली. २०२१ मध्ये ही मर्यादा ४० टक्क्यांवर नेली. तेव्हा हा आता हौसेचा विषय राहिलेला नाही. येथे मिळालेले श्रेयांक पदवीच्या हिशेबात धरले जातात, आणि येथील अपयशही त्याच हिशेबात येऊन बसते.

ज्यांना जुना काळ आठवतो त्यांना या सोयीचे अप्रूप अधिक वाटेल. आयोगाने १५ ऑगस्ट १९८४ पासून दूरदर्शनवर महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी कार्यक्रम सुरू केले होते. त्या वेळी कार्यक्रमाची वेळ चुकली की तास चुकला. आज तास विद्यार्थ्याची वाट पाहत थांबतो. मध्यरात्री पाहा, पहाटे पाहा, दहादा पाहा. परंतु अडचणीचे मूळ नेमके याच सोयीत दडलेले आहे. जी गोष्ट केव्हाही करता येते ती आजच करण्याचे कारण उरत नाही.

ही अवस्था आपल्याकडचीच नाही. हार्वर्ड विद्यापीठ आणि एमआयटी यांनी ‘एडएक्स’वर चालवलेल्या अभ्यासक्रमांचा सहा वर्षांचा आढावा जस्टिन राइक आणि होजे रुइपेरेझ-व्हॅलिएंते या अभ्यासकांनी २०१९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात घेतला. नाव नोंदवणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक अभ्यासक्रमाच्या आत पाऊलही टाकत नाहीत असे त्यात आढळले. २०१७-१८ मध्ये एकूण सहभागी विद्यार्थ्यांपैकी जेमतेम ३ टक्के विद्यार्थ्यांनी अभ्यासक्रम पूर्ण केला. प्रमाणपत्रासाठी पैसे भरलेल्यांत मात्र हे प्रमाण ४६ टक्के होते. अर्थात, पैसे भरल्यामुळे ते शेवटपर्यंत टिकले असा सरळ निष्कर्ष काढता येत नाही. ज्यांचा निश्चय आधीच पक्का असतो तेच पैसे भरतात, हेही तितकेच खरे. तथापि निश्चय केलेल्यांपैकीही निम्म्याहून अधिक मध्येच थांबले, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

महाविद्यालय न सांगता काय देते

महाविद्यालय विद्यार्थ्याला व्याख्यान देते, हे सर्वांना दिसते. त्याखेरीज ते आणखी चार गोष्टी देते, त्या सहसा दिसत नाहीत. ते वेळ ठरवून देते, कारण अकराचा तास अकरालाच असतो. ते जागा देते. त्या खोलीत कोणी भाजी निवडायला बसत नाही. ते सोबत देते. शेजारच्या बाकावरचा मित्र लिहू लागला की आपलाही हात वहीकडे जातो. आणि ते धाक देते, हजेरीचा, चाचणीचा, प्राध्यापकांच्या एका प्रश्नार्थक नजरेचा. ऑनलाइन अभ्यासक्रम व्याख्यान घरपोच करतो. वेळ, जागा, सोबत आणि धाक मात्र महाविद्यालयातच मागे राहतात. त्यांची जुळवाजुळव आता विद्यार्थ्याला स्वतः करावी लागते, आणि तीही अभ्यासक्रम सुरू होण्यापूर्वी. पूर्वतयारी म्हणायची ती हीच.

दूरशिक्षणाचे जुने जाणकार हे सत्य पूर्वीच ओळखून होते. ब्रिटनमधील मुक्त विद्यापीठाची स्थापना १९६९ साली झाली. त्याची रेडिओ-दूरचित्रवाणीवरील व्याख्याने गाजली, पण विद्यार्थ्यांना तगवून धरण्यात मार्गदर्शक शिक्षकांचा आणि उन्हाळी निवासी वर्गांचा वाटा मोठा होता. मुंबई विद्यापीठाने १९७१ साली पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे ब्रीद ठरले. परंतु घरोघरी केवळ पुस्तके पाठवून ते थांबले नाही. गावोगावी अभ्यासकेंद्रे काढली गेली, सुट्टीच्या दिवशी संपर्कसत्रे ठेवली गेली, नागपूरसारख्या ठिकाणी विभागीय केंद्रे आली. नोकरदार, गृहिणी, शेतकरी यांना एकट्याने शिकणे किती कठीण जाते, याची ती कबुली होती. तंत्र नवे आले म्हणून हा जुना धडा विसरण्याचे कारण नाही.

फुकटाचा हिशेब

पूर्वतयारीचा आरंभ हिशेबापासून व्हावा. अर्थशास्त्रात एखाद्या वस्तूची खरी किंमत तिच्यासाठी सोडाव्या लागलेल्या दुसऱ्या वस्तूवरून मोजतात. यालाच वैकल्पिक खर्च म्हणतात. त्या मापाने ऑनलाइन अभ्यासक्रम मुळीच फुकट नाही. बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात आठवड्याला अडीच-तीन तासांची व्याख्याने असतात असे धरू. ती मध्ये मध्ये थांबवून टिपणे काढायची तर चार-साडेचार तास लागतात. सोबतचे वाचन दोन तास, स्वाध्याय एक तास. म्हणजे आठवड्याला साडेसात तास आणि एकूण सुमारे ९० तास. हे तास कोठून येणार, कोणते काम किंवा कोणती करमणूक त्यांना जागा करून देणार, हे कागदावर मांडल्याशिवाय नाव नोंदवणे म्हणजे जमाखर्च न पाहता कर्ज काढण्यासारखे आहे. ज्याने पूर्वी एकही असा अभ्यासक्रम पूर्ण केलेला नाही, त्याने पहिल्या सत्रात एकच घ्यावा. दोन घेतले तर १८० तासांची तरतूद करावी लागते. ती बहुतेकांच्या आवाक्याबाहेरची असते.

दुसरा प्रश्न सत्राच्या निवडीचा. एनपीटीईएलचे अभ्यासक्रम साधारणपणे जुलै ते ऑक्टोबर आणि जानेवारी ते एप्रिल अशा दोन सत्रांत चालतात. यांपैकी कोणते सत्र आपल्या जीवनक्रमात बसते, याचा विचार फारच थोडे लोक करतात. सरकारी कार्यालयातील लिपिकाला फेब्रुवारी-मार्चमध्ये आर्थिक वर्षअखेरीची देयके निपटताना श्वास घ्यायलाही उसंत नसते. त्याला जुलैचे सत्र सोयीचे. शाळेतील शिक्षकाच्या मागे त्याच दिवसांत दहावी-बारावीच्या परीक्षांचे पर्यवेक्षण आणि उत्तरपत्रिकांची तपासणी लागते. तेव्हा त्यानेही जुलैच पत्करावा. उलट ज्याच्या घरी शेती आहे त्या विद्यार्थ्याला जुलैत पेरणी-निंदणाला आणि ऑक्टोबरमध्ये सोयाबीनच्या कापणीला हात लावावा लागतो. त्याला जानेवारीचे सत्र अधिक मानवेल. पण मग एप्रिलमधील नागपूरचे ऊन लक्षात घेऊन अभ्यासाची वेळ पहाटेची ठेवावी लागेल. पारा चाळिशीपार गेल्यावर पत्र्याच्या खोलीत दुपारी कोणाचाही अभ्यास होत नाही.

जुलैचे सत्र घेणाऱ्याने कॅलेंडर पुढे घेऊन पोळा, मारबत, गौरी-गणपती, नवरात्र आणि दसरा यांवर आधीच खुणा कराव्यात. सण सोडून अभ्यास करावा असा याचा अर्थ नव्हे. सणाच्या आठवड्यातला अभ्यास आदल्या आठवड्यात ओढून घ्यावा, एवढेच. जे आधी दिसते ते विघ्न राहत नाही.

जागा, साधन आणि लक्ष

दोन खोल्यांच्या घरात स्वतंत्र अभ्यासाची खोली मागणे व्यर्थ आहे. पण ठरलेला कोपरा आणि ठरलेली वेळ मागता येते. घरातील मंडळींना ती वेळ आधी सांगून ठेवली पाहिजे. मुलगा किंवा मुलगी मोबाइल घेऊन बसली म्हणजे ती रिकामीच आहे, अशी वडीलधाऱ्यांची समजूत असते आणि त्यात त्यांचा फारसा दोष नाही. मोबाइलवरही तास असतो हे घराला पटवून देणे, हा पूर्वतयारीचाच भाग होय. घरी ते शक्यच नसेल तर अभ्यासिकेचा आश्रय घ्यावा. स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांनी नागपुरातील अभ्यासिका गजबजलेल्या असतात, त्या उगीच नव्हे; तेथे पुस्तकांपेक्षा शांतता आणि सोबत यांसाठी माणसे जातात.

साधनाची अडचण आणखी निराळी. ज्या यंत्रावर वर्ग भरतो त्याच यंत्रावर बाजार, चित्रपटगृह आणि गावची चावडीही भरलेली असते. माहितीची रेलचेल झाली की लक्षाचा दुष्काळ पडतो, हे अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी १९७१ सालीच दाखवून दिले होते. यावर साधा उपाय असा की आठवड्याची व्याख्याने महाविद्यालयाच्या वायफायवर एकदाच उतरवून घ्यावीत आणि अभ्यासाच्या वेळी इंटरनेट बंद ठेवावे. त्याने डेटाही वाचतो आणि वीज गेली तरी तास बुडत नाही.

ऐकणे म्हणजे शिकणे नव्हे

व्याख्यान पाहताना सर्व काही समजल्यासारखे वाटते. हा भास मोठा फसवा असतो. अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली केलेला एक प्रयोग या दृष्टीने उद्बोधक आहे. विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्या गटाने तो एकदाच वाचला आणि नंतर तीनदा मजकूर न पाहता आठवून लिहून काढला. आठवड्यानंतर पहिल्या गटाला ४० टक्के मजकूर आठवला, दुसऱ्याला ६१ टक्के. यावरून घ्यायचा बोध सरळ आहे. व्याख्यान पुन्हा पुन्हा पाहत बसण्यापेक्षा ते संपताच पडदा बंद करावा आणि वहीत पाच-सात ओळींत त्याचे सार लिहून काढावे. जे लिहिता येत नाही ते कळलेले नाही, असे खुशाल समजावे, आणि तेवढाच भाग पुन्हा पाहावा.

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यापुढे भाषेची भिंत उभी असते. बहुतेक व्याख्याने इंग्रजीत असतात आणि वक्त्यांचे उच्चारही प्रांतोप्रांतीचे. येथे मात्र ध्वनिचित्रफीत वर्गापेक्षा कनवाळू आहे. तिचा वेग कमी करता येतो, व्याख्यानाचा लिखित मजकूर आधी वाचता येतो, आणि काही अभ्यासक्रमांचे लिखित अनुवाद मराठीतही उपलब्ध झाले आहेत. पहिल्या आठवड्यातच पारिभाषिक शब्दांची एक वही घालावी आणि प्रत्येक शब्दासमोर मराठी अर्थ व एक उदाहरण लिहावे. महिनाभरात ती भिंत निम्मी उतरते.

मुदत आणि सोबत

मनुष्याला मुदत लागते. एमआयटीमध्ये डॅन अरिएली आणि क्लाउस वेर्टेनब्रोख यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एका वर्गाला तीन निबंध देण्याच्या तारखा स्वतः ठरवण्याची मोकळीक होती, तर दुसऱ्या वर्गाला समान अंतराने बांधून दिलेल्या तारखा होत्या. बांधलेल्या तारखांच्या वर्गाला अधिक चांगले गुण मिळाले. तथापि नुसते वेळापत्रक करून भागत नाही, हेही दिसून आले आहे. सुमारे अडीच लाख ऑनलाइन विद्यार्थ्यांवर केलेला एक मोठा प्रयोग २०२० साली प्रसिद्ध झाला. आरंभी अभ्यासाचा आराखडा लिहून घेतल्याने पहिल्या काही आठवड्यांत थोडा लाभ झाला. अभ्यासक्रम पूर्ण होण्यापर्यंत मात्र त्याचा प्रभाव टिकला नाही. आराखडा दर आठवड्याला नव्याने करावा लागतो, आणि तो कोणाला तरी दाखवावा लागतो.

यासाठी तीन-चार जणांनी एकच अभ्यासक्रम एकत्र घ्यावा आणि आठवड्यातून एकदा, ठरल्या दिवशी, समोरासमोर बसावे. प्रत्येकाने एकेक व्याख्यान इतरांना समजावून सांगावे. ज्याचे राहिले असेल त्याला टोचणी लागते, आणि ज्याचे अडले असेल त्याला उत्तर मिळते. महाविद्यालयात मागे राहिलेले सोबत आणि धाक असे दोन्ही एका बैठकीत परत मिळतात.

परीक्षेचे नियमही आधीच वाचलेले असावेत. एनपीटीईएलच्या नेहमीच्या पद्धतीत १०० पैकी २५ गुण आठवड्यांच्या स्वाध्यायांना आणि ७५ गुण केंद्रावर प्रत्यक्ष जाऊन द्यायच्या परीक्षेला असतात. बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात उत्तम आठ स्वाध्यायांचेच गुण धरले जातात. तेव्हा एखादा स्वाध्याय हुकला म्हणून सारेच सोडून देणाऱ्याचे हे अज्ञान त्याला महाग पडते. स्वाध्यायांत २५ पैकी किमान १० आणि परीक्षेत ७५ पैकी किमान ३० असे दोन्हीकडे वेगवेगळे उत्तीर्ण व्हावे लागते. अभ्यासक्रम विनामूल्य असला तरी परीक्षेची नोंदणी निराळी व सशुल्क असते. पहिल्या नोंदणीतच आपले नाव गुणपत्रिकेवरच्याप्रमाणे लिहावे, आणि परीक्षेची तारीख विद्यापीठाच्या वेळापत्रकाशी ताडून पाहावी.

जबाबदारी एकट्या विद्यार्थ्याची नाही

येथवर जे सांगितले त्यावर एक आक्षेप घेता येईल, आणि तो रास्त आहे. वेळ, जागा, साधन, सोबत हे सर्व विद्यार्थ्यानेच जमवायचे, तर ज्याच्या घरी ते आधीच आहे त्यालाच या शिक्षणाचा लाभ होणार. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या फेरीत इंटरनेटची सोय असलेली कुटुंबे शहरी भागात ४२ टक्के, तर ग्रामीण भागात केवळ १४.९ टक्के आढळली होती. संगणक असलेली ग्रामीण कुटुंबे ४.४ टक्के होती. त्यानंतर मोबाइल पुष्कळ पसरला. परंतु घरातल्या एकाच मोबाइलवर भावाचा हक्क आधी, ही रीत काही त्याबरोबर गेली नाही. काटोल किंवा उमरेडहून रोज बसने येणाऱ्या मुलीला संध्याकाळी घरी पोहोचल्यावर स्वयंपाक चुकत नाही. तिला ‘स्वयंशिस्त पाळ’ असा उपदेश करणे सोपे आहे. तिला दुपारची एक तासाची खोली देणे अधिक उपयोगाचे आहे.

आणि ती देणे ही कोणाची मेहेरबानी नव्हे. आयोगाच्या २०१६ च्या विनियमांतच असे म्हटले होते की, विद्यार्थ्याच्या मूळ संस्थेने संगणक, ग्रंथालय, प्रयोगशाळा यांसारख्या आवश्यक सोयी पुरेशा प्रमाणात व विनामूल्य उपलब्ध करून द्याव्यात आणि विद्यार्थ्यांना अभ्यासक्रमभर मार्गदर्शन करण्यासाठी एक समन्वयक नेमावा. सूचनाफलकावर यादी लावली म्हणजे हे कर्तव्य पार पडत नाही. महाविद्यालयांनी ऑनलाइन विषयाचे तास वेळापत्रकात दाखवावेत, त्या तासाला संगणककक्ष राखून ठेवावा, आणि एका अध्यापकाने तेथे बसावे. त्याने व्याख्यान देण्याची गरज नाही. कोणाचा स्वाध्याय राहिला आणि का राहिला, एवढे विचारले तरी पुष्कळ. त्याचा हा तास त्याच्या कार्यभारात धरला गेला पाहिजे, अन्यथा समन्वयकपद हे नावापुरतेच राहील. सार्वजनिक वाचनालयांनीही आठवड्यातून एखादी संध्याकाळ अशा विद्यार्थी-गटांना बोलण्याची मुभा असलेली जागा द्यावी.

नागपुरात हिस्लॉप महाविद्यालय १८८३ साली सुरू झाले, विद्यापीठ १९२३ साली. त्या दिवसांत विदर्भातल्या मुलाला शिक्षणासाठी घर सोडून शिक्षणाच्या दारी यावे लागे. आज शिक्षण त्याच्या दारी येऊन उभे आहे. दारी आलेल्याला बसायला जागा द्यावी लागते, आणि त्याच्यासाठी वेळ काढावा लागतो. विद्यार्थ्याने आपला कोपरा आणि आपले ९० तास राखून ठेवावेत. संस्थांनी खोली, तास आणि माणूस राखून ठेवावा. जानेवारीची यादी फलकावर लागण्यापूर्वी एवढे झाले, तर एप्रिलमध्ये परीक्षाकेंद्राच्या दारी उभ्या राहणाऱ्यांत काटोल-उमरेडच्या मुलीही दिसतील.